हेक्टरी हिशेब, माणशी प्रश्न

दौलताबादहून खुलताबादकडे जाताना वाटेत कागझीपुरा लागतो. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला आणली, तेव्हा कागद करणारे कारागीर इथे येऊन वसले, असे परंपरा सांगते. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हातकागदाचा धंदा ओसरला. तो बंद करण्याचा हुकूम कोणी काढला नव्हता. त्यामुळे जबाबदारीही कोणावर आली नाही.

कोळशाचे तसे नाही. खाणीला मालक असतो, साठ्याचे मोजमाप असते आणि तिचा शेवट कितीतरी वर्षे आधी दिसतो. महाराष्ट्राने असा एक शेवट पूर्वीच पाहिला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याची सरकारी खाण 1870 च्या दशकात सुरू झाली. तिच्यासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकला गेला. 1906 साली खाण बंद पडली, पण लोहमार्ग टिकला. तो बल्लारपूरला पोचला, 1929 मध्ये काझीपेठला जोडला गेला आणि उत्तर-दक्षिण वाहतुकीचा मुख्य रस्ता झाला. खाणीसाठी घातलेल्या रुळांना नवे काम सहज मिळाले. खाणीत उतरणाऱ्या माणसाला ते इतक्या सहज मिळत नाही.

1973 साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. 1975 मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी नागपुरात स्थापन झाली. कायम कामगाराला पगार, घर, दवाखाना मिळाला. जमीन गेलेल्या कुटुंबांसाठी कोल इंडियाच्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असे प्रमाण आले. म्हणजे खाणीत शिरण्याचा परवाना सातबारा ठरला. ज्याच्या नावावर सातबारा नव्हता, तो शेतमजूर कंत्राटदाराकडे गेला, ट्रकवर गेला किंवा चहाच्या टपरीवर.

खाण बंद करण्याचा नियमही त्याच मापाने चालतो. कोळसा मंत्रालयाने 2009 मध्ये बंदीकरणाच्या आराखड्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम खुल्या खाणीला हेक्टरी 6 लाख आणि भूमिगत खाणीला हेक्टरी 1 लाख अशी धरली गेली. मातीचे ढिगारे सपाट करणे, खड्डे सुरक्षित करणे, झाडे लावणे ही कामे आवश्यकच आहेत. परंतु हिशेब हेक्टरी आहे, माणशी नाही. ज्या भूमिहीनाची गणना खाण सुरू होताना झाली नाही, त्याची ती बंद होतानाही राहून जाते.

जर्मनीने 2007 साली ठरवले की दगडी कोळशाचे अनुदान 2018 मध्ये संपवायचे. शेवटची खाण 2018 च्या डिसेंबरात बंद झाली. मधल्या 11 वर्षांत कोणी लवकर निवृत्त झाले, कोणी दुसरे काम शिकले. तारीख आधी कळली, हाच तिथल्या न्यायाचा पाया होता.

सौरऊर्जा येणारच आणि यायलाही हवी. मात्र सौर प्रकल्प एकदा उभा राहिला की त्याला थोडीच माणसे लागतात, आणि ती चंद्रपुरातच लागतील असेही नाही. म्हणून प्रत्येक खाणीची बंद होण्याची तारीख आणि तिच्यावर जगणाऱ्या सगळ्यांची, कंत्राटी कामगारांपासून टपरीवाल्यापर्यंतची, यादी आजच व्हायला हवी. कागझीपुऱ्याच्या वेळी ही यादी करणे कोणाचेच काम नव्हते. खाणीचा मालक सरकार आहे. इथे ते सरकारचे काम आहे.