जुन्या स्पीकरची जोडी बदलताना

घरातील शीतकपाट किंवा दूरचित्रवाणी संच जुना झाला, की तो फारसा विचार न करता बदलला जातो. संगीतप्रेमी घरातील स्पीकरचे तसे नसते. ज्या जोडीतून वीस-पंचवीस वर्षे भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर यांचे गाणे ऐकले, तिला निरोप देताना मन अडखळते. त्यात खर्चाचाही प्रश्न असतो. उच्च दर्जाची नवी जोडी सहज लाखाच्या घरात जाते आणि प्रत्यक्ष ऐकून निवड करायची, तर बारामती-इंदापूरच्या रसिकाला बहुधा पुणे गाठावे लागते. हे अंतर बारामतीहून सुमारे शंभर किलोमीटर, तर इंदापूरहून त्याहूनही अधिक आहे. एवढा खटाटोप करून आणलेली जोडी घरी फिकी वाटू नये, यासाठी आधी नेमके काय बिघडले आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते.

स्पीकर कोठे थकतो?

आजच्या बहुतेक स्पीकरचे मूळ चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या रचनेत आहे. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे, म्हणजे व्हॉइस कॉइल, मागेपुढे हलते आणि त्याला जोडलेला शंकू हवा ढकलतो. शंकू व चुंबक दीर्घकाळ टिकतात. आधी झिजते ती शंकूच्या कडेची लवचीक पट्टी. ती फोमची असल्यास उष्णता, दमटपणा व ऊन यांमुळे साधारण दहा ते वीस वर्षांत भुसभुशीत होऊन गळू लागते; रबराची पट्टी अधिक टिकते. कडक उन्हाळ्याच्या या भागात खिडकीतून येणारे थेट ऊन स्पीकरवर पडू न देणे, हा साधा पण मोलाचा उपाय आहे.

दुसरा कमकुवत भाग क्रॉसओव्हरचा. खर्ज मोठ्या शंकूकडे आणि तार स्वर ट्विटरकडे पाठविणाऱ्या या मंडलातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कालांतराने सुकतात आणि तानपुऱ्याची झळाळी हरवल्यासारखी वाटते. पट्टी व कपॅसिटर या दोन्हींची दुरुस्ती नव्या जोडीच्या तुलनेत किरकोळ खर्चात होते. ती दोन्ही स्पीकरची एकाच वेळी करावी. मात्र मंडपातील कर्ण्यांची दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे घरगुती स्पीकर देताना मूळ शंकू कायम ठेवण्यास आवर्जून सांगावे. जाड, ताठ शंकू बसविला, तर आवाज मोठा येईल, पण जोडीचा मूळ स्वभाव हरवेल.

दोष ओळखण्याची एक सोपी रीत आहे. ॲम्प्लिफायर बंद करून डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करावी. दोष तारेबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर तो ॲम्प्लिफायर, तार किंवा ध्वनिस्रोतात आहे. जागीच राहिला, तर स्पीकरमध्ये अथवा खोलीच्या त्या बाजूला आहे. जुनी मोनो ध्वनिमुद्रणेही येथे उपयोगी पडतात. बालगंधर्वांचा आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध ऐकू यायला हवा. तो एका बाजूला सरकत असेल, तर दोन्ही स्पीकर समान राहिलेले नाहीत किंवा त्यांची मांडणी चुकली आहे.

खोलीचा वाटा

जुन्या वाड्याची मातीची भिंत आणि लाकडी माळवद आवाज काही प्रमाणात शोषून घेत असे. स्लॅब, फरशी आणि काचेच्या खिडक्यांच्या बंगल्यात तोच आवाज परावर्तित होऊन कर्कश वाटतो. घर बदलल्यावर जोडी ‘बिघडल्याची’ तक्रार अनेकदा यातूनच उद्भवते. चौरस खोली विशेष त्रासदायक असते. बारा फूट लांबी-रुंदीच्या खोलीत दोन्ही दिशांनी सुमारे ४७ हर्ट्झचा स्वर घुमतो आणि डग्ग्याचा घुमारा फुगल्यासारखा होतो. जाड सतरंजी व भरलेले पुस्तकांचे कपाट यांनी कर्कशपणा कमी होतो. खर्जासाठी स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्यावेत. दोन स्पीकर व श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा आणि ट्विटर कानाच्या उंचीवर असावा.

वयोमानाप्रमाणे अतितार स्वर कमी ऐकू येतात, हेही ध्यानात घ्यावे. घरातील तरुणाला आवाज स्वच्छ वाटत असेल, तर नव्या खरेदीने तो प्रश्न सुटणार नाही.

नवी जोडी निवडताना

काही वेळा बदल अपरिहार्यच असतो. ‘यामाहा’ कंपनीची १९७८ मध्ये आलेली ‘एनएस-१०’ ही जोडी जगभरच्या ध्वनिमुद्रण कक्षांत वापरली जाई. तिच्या शंकूसाठी लागणारा लगदा मिळेनासा झाल्याने २००१ मध्ये उत्पादन थांबले. सुटे भाग दुर्मीळ झाले, की जुनी जोडी सांभाळणे कठीण होते.

नव्या स्पीकरची संवेदनशीलता पाहावी. ती जुन्यापेक्षा तीन डेसिबलने कमी असल्यास तेवढ्याच आवाजासाठी ॲम्प्लिफायरला दुप्पट शक्ती लागते. जोडीबरोबर ॲम्प्लिफायरही बदलावा लागला, तर खर्चाचे गणित कोलमडते.

दुकानातील गालिचा अंथरलेल्या दालनात ऐकलेला आवाज घरी तसाच येत नाही. शक्य असल्यास काही दिवसांसाठी जोडी घरी मागावी. तुलना करताना दोन्ही जोड्यांचा आवाज समान ठेवावा. किंचित मोठा आवाजही कानाला अधिक चांगला भासतो. विक्रेत्याच्या चकचकीत नमुन्यांऐवजी अनेक वर्षे ऐकलेली ध्वनिमुद्रणे लावावीत. तानपुऱ्याच्या तारा वेगळ्या ऐकू येतात का, गायकाचा श्वास नैसर्गिक वाटतो का आणि तासभर ऐकूनही कान थकत नाहीत ना, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत.

जुनी जोडी लगेच विकू नये. नवी जोडी किमान दोन-तीन महिने ऐकून मगच निर्णय घ्यावा. तोवर जुनी जोडी पत्र्याखालच्या तापणाऱ्या खोलीत न ठेवता घरातच, सावलीत, कापडाने झाकून ठेवावी.