न्यग्रोधमृग : संहितेपासून मॉडेल शीटपर्यंत

न्यग्रोधमृगजातकाच्या रूपांतरांची चर्चा सहसा पाली पाठ आणि त्याची भाषांतरे यांपाशीच थांबते. या कथेचे १९५७ मध्ये मुंबईत झालेले एक रूपांतर मात्र एका नव्या विद्येच्या अध्ययनाशी निगडित आहे. ‘द बनियन डिअर’ हा फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून फिल्म युनिटचा लघुपट. १९५६ मध्ये अमेरिकेच्या तांत्रिक सहकार्य योजनेखाली डिस्ने स्टुडिओतील अॅनिमेटर क्लेअर वीक्स या युनिटमध्ये शिकवण्यासाठी आले. ‘स्नो व्हाइट’, ‘बाम्बी’ आणि ‘पीटर पॅन’ या चित्रपटांवर त्यांनी काम केले होते. शिकणाऱ्यांत राम मोहन होते; त्यांचे औपचारिक शिक्षण रसायनशास्त्रातले.

वीक्स ज्या परंपरेतून आले, तीही शिकवून घडवलेली होती. डॉन ग्रॅहॅम यांचे रेखांकनाचे वर्ग डिस्नेकडे १९३२ पासून चालू झाले. ‘बाम्बी’साठी (१९४२) तर हरणाची जिवंत पाडसे स्टुडिओत आणली गेली आणि रिको लब्रून यांनी चित्रकारांना हरणाची शरीररचना शिकवली. त्याच चित्रपटातले अरण्य मात्र टायरस वाँग यांच्या चित्रांवरून सिद्ध झाले. पानापानांचा तपशील गाळून केवळ प्रकाश आणि धुके सुचवणारी ही शैली चिनी निसर्गचित्रांची ऋणी होती. पात्राच्या देहाला अस्थी आणि वजन हवे, तर पार्श्वभूमीला संयम. पात्ररचना आणि कलादिग्दर्शन या दोन विद्यांमधला भेद या एकाच चित्रपटात स्पष्ट दिसतो.

आता जातकाकडे वळावे. न्यग्रोधमृगाचे वर्णन तेथे अवयवश: येते : सोनेरी कांती, रत्नासारखे डोळे, रुपेरी शिंगे, तांबडे तोंड, लाखेने माखल्यासारखे खूर. शब्दांतले हे मॉडेल शीटच म्हणता येईल. पण दुसऱ्या कळपाचा नायक शाखमृग, त्याचीही कांती सोनेरीच. दोघांचा कळप पाचशेचा. संहिता त्यांना रूपाने वेगळे करत नाही; गाभण हरिणीची पाळी आली असता एक नियमावर बोट ठेवतो आणि दुसरा स्वत:ची मान पुढे करतो, एवढाच त्यांच्यातला भेद. कथनकाराला हे परवडते, चित्रकाराला नाही. प्रेक्षकाने दोघांना पहिल्या क्षणी ओळखायचे, तर मानेचा बाक, छातीचा भार आणि शिंगांची ठेवण यांतूनच काही ठरवावे लागते. आणि तसे ठरवले, की कृतीतून उलगडणारे शील आकृतीत आधीच उघड होते. माध्यमांतराचा खरा पेच येथे आहे. प्रसंग किती गाळले याची मोजदाद त्यापुढे गौण ठरते.

अजिंठ्याच्या चित्रकारांना हा पेच वेगळ्या रीतीने भेटला. तेथे एकच व्यक्ती चौकटीविना एकाच भिंतीवर पुन:पुन्हा येते. तिची ओळख प्रसंगाच्या ओघातून पटते, थोडा फरक पडला तरी बिघडत नाही. अॅनिमेशनमध्ये मिनिटाला १४४० चौकटी. एक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी ७२० रेखाटने, तीही अनेक हातांची. म्हणून पात्र समोरून, बाजूने आणि पाठीमागून कसे दिसते, त्याची डोकी किती उंच, हे एका कागदावर बांधून द्यावे लागते. रेषेचा स्वैर लय, डोळ्याचा लांबट कोन अशा गोष्टी या कागदावर टिकतातच असे नाही. भारतीय अॅनिमेशनच्या ‘डिस्नेछापा’विषयी जो आक्षेप घेतला जातो, त्यात परकीय गुरूला दोष देणे सोपे आहे, पण बारकाईने पाहता दोषाचा मोठा वाटा पुनरावृत्तीच्या या गरजेकडे जातो. वीक्स यांच्या जागी बंगाल शैलीचा एखादा चित्रकार असता, तरी त्याला हाच कागद आखावा लागला असता.

राम मोहन १९६७ मध्ये फिल्म्स डिव्हिजनमधून बाहेर पडले आणि १९७२ मध्ये त्यांनी स्वत:ची संस्था उभारली. पुढे युगो साको आणि कोइची सासाकी यांच्यासह त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ १९९२ मध्ये पुरा झाला. देवाला कार्टून करू नये, हा आक्षेप त्या प्रकल्पाच्या वाटेत उभा राहिलाच. पण शिक्षणाच्या इतिहासात त्याहून लक्षणीय गोष्ट आहे ती चित्रशाळेतली. वीक्स यांच्याकडे शिकलेला हा चित्रकार आता दुसऱ्या बाजूला होता : भारतीय वेशभूषा आणि चालीरीती जपानी चित्रकारांना समजावून द्याव्या लागत होत्या, आणि धोतराची चुणी चालताना कोठे पडते हेही.