जुन्या लष्करी तंबूची कुळकथा

दगडी किल्ला शतकानुशतके ऊन-पाऊस सोसून उभा राहतो, परंतु त्याच किल्ल्याला वेढा घालून बसलेल्या फौजेच्या डेऱ्यांचा साधा तुकडाही सहसा हाती लागत नाही. कारण कापड हा इतिहासाचा अत्यंत नाशवंत साक्षीदार असून बुरशी, वाळवी आणि दख्खनचा पावसाळा यांच्यापुढे त्याचा टिकाव लागणे कठीण. पेशव्यांना डेरे, राहुट्या, कनाती व बिछायत यांच्या निगराणीसाठी फरासखान्याचे स्वतंत्र खाते पदरी बाळगावे लागले, त्यातले एक कारण हेच असले पाहिजे. म्हणूनच एखाद्या संस्थानच्या कोठीतून किंवा लष्करी मालाच्या लिलावातून जुना तंबू बाहेर पडला, म्हणजे तो केव्हाचा आणि कोठला हे ठरविणे, मला वाटते, एखादा अस्सल कागद तपासण्याइतकेच जबाबदारीचे काम आहे.

पाहणाऱ्याची नजर प्रथम शिक्क्याकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. इंग्रज सरकारच्या मालकीच्या वस्तूंवर तीन रेघांच्या बाणाग्राचे चिन्ह उमटविण्याची वहिवाट जुनी आहे; त्या बाणाजवळ ‘बी. ओ.’ ही अक्षरे असतील तर ती 1855 साली मोडीत निघालेल्या बोर्ड ऑफ ऑर्डनन्सची, आणि ‘डब्ल्यू. डी.’ असतील तर त्यानंतर कारभार हाती घेणाऱ्या वॉर डिपार्टमेंटची समजावी. बाणाखाली ‘आय’ असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. बाण ‘सी’ या अक्षराच्या पोटात बसविलेला असेल तर कॅनडाचा. तथापि शिक्का बोलतो तो मालकीविषयी, जन्माविषयी नव्हे. शिवाय फाटलेला पट काढून दुसऱ्या तंबूचा पट जोडणे, तणावे बदलणे, छताला नवे ठिगळ लावणे हे छावणीतले नित्याचे व्यवहार असल्यामुळे एका पटावरचे साल सबंध तंबूला लागू करणे धोक्याचे ठरते.

मालकाच्या नावावरून वय ठरविण्यात केवढी चूक होऊ शकते, हे टिपू सुलतानाच्या तंबूवरून दिसते. 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. त्यानंतर त्याचा छिटाचा तंबू मद्रासचा गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह याच्या घराण्याकडे गेला आणि आज तो वेल्समधील पोविस गढीत आहे. कोनाड्याकोनाड्यांत फुलदाण्या रंगविलेल्या या कापडाचा काळ अभ्यासक अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे खुद्द टिपूच्या जन्माच्याही आधी, धरतात. ज्या वस्त्राखाली सुलतानाने मुक्काम केले, त्याच वस्त्राखाली पुढे क्लाइव्ह कुटुंबाच्या उद्यानातल्या मेजवान्या झडल्या, हे वाचताना मन विषण्ण होते.

खरा पुरावा शिवणीत असतो. भिंग घेऊन सांध्यावर वाकावे: दोन धागे कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकून सारख्या अंतराने चालले असतील तर ती यंत्राची शिवण होय, आणि असे यंत्र एलियास हाऊ याने 1846 साली पेटंट घेतल्यानंतरच प्रचारात आले असल्याने तंबू त्याच्या अलीकडचा ठरतो. मात्र उलट अनुमान काढता येत नाही. कारण मेण लावलेल्या दोऱ्याने, किंचित तिरक्या टाक्यांनी हातशिवण करणारे कारागीर आपल्याकडे त्यानंतरही दीर्घकाळ होते. पुढे तंतू पाहावा. सूक्ष्मदर्शकाखाली जवसाच्या तंतूवर उसाच्या पेरांसारख्या गाठी दिसतात, तर कापसाचा तंतू चपटा आणि पीळ पडलेला असतो. त्यातून विलायती ताग्याचा आणि देशी कापडाचा भेद पुष्कळदा उमगतो. शुभ्र तंबूंच्या जागी खाकी व हिरवे का आले, याचेही कारण काळाशी निगडित आहे: विमाने डोक्यावर घिरट्या घालू लागल्यावर पांढरी छावणी म्हणजे शत्रूला दिलेले आमंत्रणच होते.

हिंदुस्थानी तंबूंच्या जन्मस्थानांत जबलपूरची हकीकत मला विशेष हृदयस्पर्शी वाटते. इंग्रज अधिकारी स्लीमन साहेबाने ठगांचा बंदोबस्त केल्यावर जे ठग माफीचे साक्षीदार झाले, त्यांना व त्यांच्या मुलांना उपजीविकेचे साधन म्हणून तेथे 1837 च्या सुमारास उद्योगशाळा निघाली आणि तिच्यात सतरंज्या, गालिचे व तंबू तयार होऊ लागले. वाटसरूंच्या गळ्याला रुमालाचा फास लावणारे हात प्रवाशांचा निवारा शिवू लागले. पुढे कानपूरच्या मोठ्या छावणीच्या आश्रयाने एल्गिन, म्यूर यांसारख्या गिरण्या 1860 ते 1880 च्या दरम्यान उभ्या राहिल्या आणि लष्करी तंबूंचा धंदा तिकडे एकवटला.

गोऱ्या शिपायांसाठी हिंदुस्थानी धर्तीवर बेतलेला, ‘ई. पी. आय. पी.’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा दुहेरी छताचा तंबू साम्राज्य गेल्यावरही सरकारी दप्तरांत त्याच नावाने चालू राहिला. त्यामुळे नुसत्या घाटावरून त्याचे वय सांगणे अशक्य आहे. अशा वेळी सांध्याच्या आतल्या बाजूचा एक सुटा धागा जाळून पाहावा: जळक्या कागदाचा वास येऊन मऊ राख पडली तर तो सुती किंवा जवसाचा, आणि वितळून कठीण मणी झाला तर नायलॉनसारखा कृत्रिम, मग शिवण मूळची असल्यास, शिक्क्यावर काहीही असो, तो तंबू दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा मानू नये.