जागा तशी स्टिक

आगरदांड्याहून आम्ही बोलतोय.

मागच्या बैठकीत एका आईनं विचारलं, "पोरगी शाळेत हॉकी खेळायला लागलीय. घरात तिच्या दादाची जुनी स्टिक आहे. तीच चालेल ना?" तेव्हा आम्हाला उत्तर देता आलं नाही. मग जाणत्यांना विचारलं, थोडा इतिहास वाचला. तेच आज सांगतो.

हॉकी आपल्याकडे आली ती इंग्रजांच्या लष्करी छावण्यांतून. मुंबईत आगाखान चषक १८९६ साली सुरू झाला. १९२८ ते १९५६ या काळात भारतानं ऑलिंपिकमध्ये सलग सहा सुवर्णपदकं जिंकली. त्या वेळच्या स्टिका तुतीच्या लाकडाच्या होत्या. लाकूड वाफेवर नरम करायचं, वाकवायचं, वर वेताची मूठ बसवायची. हे काम सियालकोटला चाले. फाळणीनंतर तिथले कारागीर जालंधरला आले आणि तिथं हा धंदा वाढला.

बायकांना मात्र वाट बघावी लागली. पुरुषांची हॉकी ऑलिंपिकमध्ये १९०८ साली आली, बायकांची १९८० साली, मॉस्कोत. म्हणजे बहात्तर वर्षांनी! तिथं आपल्या मुली चौथ्या आल्या. दोन वर्षांनी दिल्लीच्या आशियाई खेळांत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. त्या संघाची कर्णधार होती पुण्याची एलिझा नेल्सन.

आता स्टिकेकडे येऊ. होडी आपल्याला नवी नाही. खोल पाण्यात वल्हं लागतं, उथळात ढकलायला लांब बांबू. दोन्ही लाकूडच, पण एकाचं काम दुसरं करत नाही. मैदानावरही तसंच आहे.

आघाडीला खेळणारी मुलगी चेंडू घेऊन पळते, झटक्यात वळते. तिला हलकी स्टिक हवी. मागे बचावाला उभी राहणारी चेंडू अडवते आणि लांब मारते. तिला थोडी वजनदार आणि हात पुरत असेल तर जराशी लांब चालते. मधल्या फळीला दोन्ही कामं, म्हणून वजनही मधलं. गोलरक्षक एका हातानं स्टिक फिरवते, तिला हलकीच बरी.

दूर अमेरिका-कॅनडात लॅक्रोस नावाचा खेळ आहे. तो मूळचा तिथल्या आदिवासींचा. काठीच्या टोकाला जाळी असते, तिच्यात चेंडू झेलायचा. पुरुषांच्या खेळात आघाडीची काठी साधारण साडेतीन फुटांची, तर बचावाची सहा फुटांपर्यंत लांब. म्हणजे जागा बघून काठी घेणं ही साऱ्या जगाची रीत आहे.

पण जागेच्याही आधी मुलीची उंची बघा. स्टिक जमिनीवर उभी धरली की तिचं वरचं टोक कमरेच्या हाडापर्यंत यावं. त्याहून फार लांब असेल तर मुलगी अवघडते, मनगट भरून येतं, आणि घरचे म्हणतात, "हिला जमत नाही." तिला जमतं हो, स्टिक तिच्या मापाची नसते.

मुलगी डावखुरी असेल तर वेगळी स्टिक शोधत बसू नका. हॉकीत सगळ्यांची स्टिक एकाच हाताची असते. तिची सपाट बाजू डावीकडे असते आणि खेळायचं त्याच बाजूनं.

महागडी घ्यायलाच हवी का? १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली. खेळ वेगवान झाला आणि पुढे लाकडाची जागा काचतंतू नि कार्बनच्या स्टिकांनी घेतली. त्या महाग असतात. आपल्या मातीच्या मैदानावर शिकणाऱ्या पोरीला लाकडी स्टिक पुरते. फक्त घेताना चीर नाही ना, ते बोट फिरवून बघा.

खडकीचा धनराज पिल्ले दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिकांनी खेळत मोठा झाला आणि पुढे भारताचा कर्णधार झाला. आज फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे भारताच्या संघापर्यंत पोहोचल्या आहेत. त्यांची घरंही आपल्यासारखीच, खेड्यातली.

तर त्या आईला आमचं उत्तर असं. दादाची स्टिक आधी मुलीच्या कमरेला लावून बघा. मापात बसली तर बिनधास्त द्या, मूठ नवीन गुंडाळून. नाही बसली तर गटातल्या चौघी-पाच जणी मिळून दोन-तीन मापांच्या स्टिका घेऊन शाळेत ठेवा. मुली वाढतात, स्टिका एकीकडून दुसरीकडे जातात, पैसा वाया जात नाही.

बहात्तर वर्षं वाट बघून बायकांना मैदान मिळालं. आपल्या पोरीनं तिथं उरलंसुरलं हातात घेऊन का उतरावं? तिच्या मापाची स्टिक तिला द्या.