आष्टी : एका लहान गावाची मोठी तारीख

मी धंतोलीत राहतो आणि शाळेत उर्दू व मराठी दोन्ही शिकवतो. दोन भाषा शिकवताना काही शब्द थांबवतात. ‘तारीख’ हा त्यातला एक. उर्दूत तारीख म्हणजे दिवस, आणि तारीख म्हणजे इतिहासही. मराठीत आला तेव्हा या शब्दाने फक्त दिवस सोबत आणला, इतिहास मागे ठेवला. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीचेही काहीसे असेच झाले आहे. तिची एक तारीख सगळ्यांना माहीत आहे, 16 ऑगस्ट 1942. बाकीची तारीख फारशी कोणी विचारत नाही.

नागपूरहून अमरावतीच्या रस्त्याने निघाले की तळेगाव (श्यामजीपंत) लागते. तिथून आष्टीला जाता येते. गाव आता तालुक्याचे ठिकाण आहे, पण जीव लहानच. शेती, संत्र्याच्या बागा, बाजार. आणि या गावात मोगल धाटणीचे दोन मकबरे आहेत.

मोठा मकबरा मुहम्मद खान नियाझी यांचा. हे अफगाण सरदार. अकबराच्या काळात चाकरीत आले, खानखानान अब्दुर्रहीम यांच्याबरोबर सिंध आणि दख्खनच्या मोहिमांत राहिले. हे खानखानान म्हणजे ज्यांचे दोहे आपण शाळेत शिकलो ते रहीम. जहांगीर बादशहाने नियाझींना आष्टी, आमनेर, पवनार आणि तळेगावचा मुलूख जागीर म्हणून दिला. 1906 च्या वर्धा जिल्हा गॅझेटियरमध्ये इंग्रज अधिकारी रसेल यांनी त्यांची नोंद घेतली, ती लढाईसाठी नाही. या माणसाने उजाड मुलूख पुन्हा वसवला, जमीन लागवडीखाली आणली, अशी ती नोंद आहे. हिजरी 1037 मध्ये, म्हणजे इसवी सन 1627 च्या सुमारास, त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्यानंतर अहमद खान आले. ते हिजरी 1061 मध्ये, 1651 च्या सुमारास वारले. दुसरा, लहान मकबरा त्यांचा.

इथे थोडे थांबू या. सरदार दिल्लीच्या चाकरीत होता, घराणे पठाणी होते, पण कबर आष्टीच्या मातीत आहे. माणूस कुठून आला हे आपण फार विचारतो. तो कुठे राहिला, त्याने कोणती जमीन नांगराखाली आणली आणि कुठे पुरला गेला, हे तितके विचारत नाही.

आता ती सर्वांना ठाऊक असलेली तारीख. ‘चले जाव’चा ठराव होऊन आठवडा झाला होता. नागपंचमीचा दिवस. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी हा सगळा भाग आधीच पेटलेला होता. लोक तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले. गोळीबार झाला, माणसे पडली. मग जमाव भडकला आणि ठाण्यातले पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी तिकडे चिमूरलाही असेच घडले. पुढे खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या टळाव्यात म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले. गांधीजींनीही दाद मागितली. शेवटी 1945 मध्ये उरलेल्या फाशा जन्मठेपेत बदलल्या.

आष्टीच्या हुतात्म्यांत डॉ. गोविंद मालपे आहेत, पंची गोंड आहेत आणि रशीद खाँ आहेत. एक डॉक्टर, एक आदिवासी, एक मुसलमान. ही यादी कोणी एकोपा दाखवायला बसून तयार केलेली नाही. गाव ठाण्यावर गेले, आणि गावात जे राहत होते ते गेले, एवढाच त्याचा अर्थ. मला तोच सगळ्यात मोठा वाटतो.

आपल्याकडे मुसलमानाच्या इतिहासाचे दोन साचे ठरलेले आहेत. बाहेरचे म्हणतात, तुम्ही स्वारी करून आलात. आपण उत्तर देतो, आम्ही ताजमहाल बांधला. दोन्ही उत्तरांत आष्टी नाही. जमीन वसवणारा जागीरदार नाही, आणि तीनशे वर्षांनी त्याच गावात तिरंग्यासाठी जीव देणारा रशीद खाँही नाही. दिल्ली-आग्र्याचा इतिहास कोणी तरी लिहीलच. आष्टीचा आपण नाही लिहिला तर कोण लिहिणार?

फ्रान्समध्ये एक चांगला पायंडा होता. 1889 आणि 1900 च्या पॅरिस प्रदर्शनांच्या निमित्ताने तिथल्या खेड्यापाड्यांतल्या शाळामास्तरांनी आपापल्या गावाची माहिती लिहून काढली. गावाचे नाव, शेती, चर्च, शाळा, जुन्या वास्तू, सगळे एका वहीत. ती वळणदार अक्षरातली हस्तलिखिते आज तिथल्या अभ्यासकांना कामी येतात. पहिल्या महायुद्धानंतर तर तिथल्या जवळजवळ प्रत्येक गावात मृत सैनिकांच्या नावांचा दगड उभा राहिला. राजाचे नाव नाही, गावच्या पोरांची नावे.

हे काम आपल्याला अवघड नाही. साधने घरातच आहेत. शाळेचे दाखलखारीज रजिस्टर आहे, तलाठ्याकडे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज आहे, कबरस्तानातले दगड आहेत, आजी-नानींच्या आठवणी आहेत. आणि बघा, दाखल, खारीज, वाजिब, अर्ज हे सगळे शब्द आपल्याच भाषेतून विदर्भाच्या दप्तरात गेले आणि मराठी होऊन बसले. त्यांना कोणी परके म्हणत नाही.

माझ्या शिक्षक मित्रांना म्हणूनच एक विनंती आहे. या सुट्टीत मुलांना निबंधाला ‘माझा आवडता नेता’ देऊ नका. ‘माझ्या गावातली सर्वात जुनी कबर, सर्वात जुने देऊळ, सर्वात जुनी विहीर’ हा विषय द्या. उर्दू शाळेतल्या मुलाने तो मराठीतही लिहावा, म्हणजे शेजारच्या घरात वाचला जाईल. तारीख या शब्दाचा मागे राहिलेला अर्थ तेवढ्याने तरी मराठीत पोचेल.