धरणे

‘धरणे’ म्हणजे पकडणे, अडवून ठेवणे. मूळ संस्कृत ‘धृ’ धातूत. पूर्वी येणे थकले की धनको ऋणकोच्या दारात अन्नपाणी सोडून ‘धरणे धरून’ बसे. तो उपाशी असेपर्यंत घरधन्यानेही जेवायचे नाही, असा रिवाज. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत पगार तुंबलेले शिपाईही असेच बसत. १८०९ साली तिथे असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने ते लिहून ठेवले आहे.

शब्दाचे खरे बळ मला त्या आतल्या, दुसऱ्या उपाशी माणसात दिसते. आज आझाद मैदानात, नेमून दिलेल्या जागेत धरणे होते आणि शहर आपल्या वाटेने जात राहते. ही बेफिकिरी मला फार छळते.

पण ती अटळ नाही. १९९६ मध्ये राजस्थानातल्या ब्यावरला मजदूर किसान शक्ती संघटनेने सरकारी कामांच्या कागदपत्रांसाठी ४० दिवस धरणे धरले. गावकरी भाजी, धान्य आणून देऊ लागले. मागणी जुन्या धनकोचीच होती: पैसा आमचा, हिशेब दाखवा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या मुळाशी ती आहे.