वाशिमचे खासदार आणि परिचयग्रंथाचे रकाने

लोकसभेचा सदस्य-परिचयग्रंथ सरकारी, म्हणून निःपक्षपाती मानला जातो. वस्तुतः त्यातील माहिती प्रामुख्याने सदस्यांनीच पुरवलेली असते.

वाशिमचेच पाहा. १९७७ मध्ये येथून माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक निवडून आले. ते पुसदजवळच्या गहुलीचे. १९८० व १९८४ मध्ये मात्र काँग्रेसचे गुलाम नबी आझाद विजयी झाले. ते थेट जम्मू-काश्मीरच्या डोडा जिल्ह्यातले! परिचयात जन्मस्थान आणि मतदारसंघ दोन्ही छापले जातात. त्यांमधील अंतर पक्षाच्या उमेदवारीने कसे मिटवले, याला रकानाच नाही. अशा ग्रंथांत धडधडीत असत्य क्वचितच सापडते. पक्षपात शिरतो तो रकाने ठरवताना.

छंदांना जागा, परदेशप्रवासाला जागा. प्रलंबित खटल्यांना मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांनंतर खटले, मालमत्ता, कर्ज व शिक्षण यांचे शपथपत्र उमेदवारांना बंधनकारक झाले. २००४ ची लोकसभा निवडणूक या नियमाखालची पहिली. तेव्हापासून प्रत्येक खासदाराची दोन चरित्रे अभ्यासकाला ताडून पाहता येतात. शपथपत्रही उमेदवारच भरतो. पण त्यात माहिती दडवल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.